घरखर्चाची तूर व स्वयंपाकघरांतील नासाडी

खळ्यावरील दाणा घरांत येऊन पडला कीं शेतकऱ्याचें काम संपलें, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. पेरणी, कोळपणी व राखण यांचा खर्च आपण बोटांवर मोजतों. परंतु पोत्यांत किती किडलें, चुलीवर किती करपलें आणि उकिरड्यावर किती गेलें, याचा हिशेब क्वचितच कोणी ठेवतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत जगांत सुमारें १०५ कोटी टन अन्न वाया गेलें, व त्यांपैकीं सुमारें ६३ कोटी टन घरोघरच्या नासाडीचें होतें. आकडा प्रचंड खरा. पण तो मूठमूठ नासाडीच्या बेरजेनेंच झालेला आहे.

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यांत तेरणाकांठीं माकणी हें गांव आहे. निम्न तेरणा प्रकल्पाचें धरण याच गांवीं आहे. या भागांतील काटकसरीचा विचार करतांना दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या लागतात. पूर्वीं येथील दगडमातीच्या रुंद भिंतींच्या घरांतून धान्यासाठीं बळदें असत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानें या पट्ट्यांतील तशीं असंख्य घरें जमीनदोस्त केलीं. नंतर पातळ भिंतींचीं सुटसुटीत घरें उभीं राहिलीं. जिवाच्या दृष्टीनें तें योग्यच झालें. परंतु बळदाची जागा पोत्यानें घेतली. दुसरी गोष्ट पिकांची. खरिपांत सोयाबीन फार वाढलें. तें विकण्याचें पीक; घरच्या ताटांत तें क्वचितच येतें. म्हणून घरांत जी थोडी ज्वारी व तूर येते, तिची किंमत आतां पूर्वींपेक्षां अधिक आहे.

वर्षाची डाळ आधीं काढावी

सुगीच्या भरांत सारी तूर विकावयाची व श्रावणांत दुकानांतून डाळ आणावयाची, ही रीत महागांत पडते; कारण मधला भाडेखर्च, गिरणीचा आकार व व्यापाऱ्याचा नफा आपणच भरतों. सहा माणसांच्या घरांत रोज पाव किलो डाळ शिजते असें धरलें, तर वर्षास सुमारें ९१ किलो डाळ लागते. शंभर किलो तुरीची ७० किलो डाळ पडते असें मानल्यास १३० किलो तूर बाजूस ठेवावी. तींतील विसावा हिस्सा जरी किडीनें खाल्ला, तरी साडेसहा किलो तूर, म्हणजे घराची अठरा दिवसांची डाळ गेली. तूर भरडतांना निघणारी चुणी व टरफलें घरच्या जनावरांच्या उपयोगीं पडतात, हा लाभ वेगळाच.

दाणा कसा राखावा

कडधान्याचा भुंगेरा शेतांतच शेंगेवर अंडीं घालतो; म्हणजे कीड दाण्याबरोबरच घरीं येते. यास्तव धान्य कडक उन्हांत वाळवून, निववून मगच भरावें. साठवणीचे वेळीं ज्वारींत ओलावा शेंकडा १२ पेक्षां व कडधान्यांत शेंकडा १० पेक्षां अधिक नसावा. नीट वाळलेला दाणा दांतांखालीं कट्कन फुटतो. पोतीं भुईवर न टाकतां फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर रचावीं. जुनें पोतें उकळत्या पाण्यांतून काढून वाळविल्याशिवाय वापरूं नये. हा भुंगेरा अख्ख्या दाण्यांत वाढतो, भरडलेल्या डाळींत त्याचा फारसा निभाव लागत नाहीं. तेव्हां घरखर्चाची तूर लवकर भरडून घेणें हाच उत्तम बंदोबस्त होय. थोडें कडधान्य अख्खें ठेवावयाचें असल्यास किलोस एक-दोन चहाचे चमचे खाद्यतेल चोळून हवाबंद डब्यांत भरावें. धान्यांत ठेवण्याच्या विषारी गोळ्या मात्र राहत्या घरांत कदापि वापरूं नयेत. त्यांचा वायु निजलेल्या माणसांचा प्राण घेतो.

चूल व ताट

डाळ शिजविण्यापूर्वीं अर्धा घटका भिजवावी व भांड्यावर झांकण ठेवावें. सरपण असो वा गॅस, दोन्हींची बचत होते. पुरणाची डाळ शिजवून उरलेल्या येळवणीची आमटी करण्याची आपल्याकडील रीत ही काटकसरीचा उत्तम धडा आहे. तेंच धोरण इतर पदार्थांतही ठेवावें. हरभरा महिन्याचा झाला कीं शेंडे खुडतात. त्यानें झाडास फांद्या फुटतात आणि खुडलेला पाला भाजीस मिळतो. जास्तीचा पाला सावलींत वाळवून ठेवल्यास उन्हाळ्यांत, भाजी महाग असतां, तो कामास येतो. शिळी भाकरी कुस्करून फोडणीस टाकावी किंवा ताकांत भिजवावी. मात्र बुरशी दिसतांच ती टाकून द्यावी. वरचा भाग खरवडून उरलेलें खाणें ही बचत नव्हे.

उष्टें, राख व सांडपाणी

लग्नकार्यांतील उरलेला भात, पोळ्या व पीठ एकदम जनावरापुढें ओतण्याची चाल घातक आहे. असें अन्न पोटांत आंबून आम्ल वाढतें व चांगला बैल किंवा दुभती गाय दगावते. चार पोळ्यांच्या मायेनें गोठा रिकामा होतो. थोडें थोडें, चाऱ्यांत मिसळून द्यावें. बुरसलेला दाणाही जनावरांस घालूं नये. भाज्यांचीं देठें व सालें खताच्या खड्ड्यांत जावींत. परंतु चुलीची राख ताज्या शेणांत व गोमूत्रांत मिसळूं नये, कारण तिच्या क्षारानें नत्र वायुरूपानें उडून जातें. ती वेगळी साठवून जमिनीस द्यावी. भांडीं विसळलेलें पाणी परसांतील शेवग्यास किंवा केळीस वळवावें.

यांपैकीं एकाही गोष्टीस कर्ज काढावें लागत नाहीं. एक मात्र आवश्यक आहे. धान्य मोजून घरांत ठेवणारी व रोज तें काढणारी गृहिणीच असते; तरी विक्रीच्या दिवशीं तिला विचारण्याची चाल पुष्कळ घरांत नाहीं. येत्या सुगींत गाडी बाजारास जुंपण्यापूर्वीं वर्षास काय व किती लागेल हें तिला विचारावें, तितकें धान्य आधीं बाजूस काढावें, आणि उरेल तेंच विकावें.