जुना कॉम्प्युटर: विंडोज सोडून लिनक्स टाकायचं का?

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा सपोर्ट थांबवला. तुमचा कॉम्प्युटर चालतोय, पण सुरक्षेचे अपडेट आता नेहमीसारखे येत नाहीत. जुन्या मशीनवर विंडोज 11 बसेलच असं नाही. त्याला टीपीएम 2.0 लागतं. मग दुकानदार म्हणतो नवीन घ्या, आणि भाचा म्हणतो लिनक्स टाका, फुकट आहे.

फुकट आहे, खरंच. पण रत्नागिरीत बसून तुम्ही आंब्याच्या पेट्या पाठवत असाल, काजूगर-कोकम विकत असाल, तर धंदा नेमका कुठल्या सॉफ्टवेअरवर अडतो ते आधी बघा. हिशेब टॅलीवर असेल तर थांबा. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनवलंय. जुगाड करून लिनक्सवर चालवालही, पण ऐन वेळी बिल अडलं की बोलावणार कुणाला? पेटीवरची लेबलं जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात असतील, तर तो फाँट नसलेल्या मशीनवर मराठीच्या जागी भलतीच अक्षरं दिसतात.

उलट, सगळं काम ब्राउझरमध्येच होत असेल (ई-मेल, ऑनलाइन ऑर्डरी), तर लिनक्स बिनधास्त. एक्सेलच्या साध्या शीट लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. मॅक्रोवाल्या तपासून घ्या.

उबुंटू पेनड्राइव्हवर घ्या. इन्स्टॉल न करताही त्यावरून कॉम्प्युटर चालू होतो. तुमच्याच प्रिंटरवर एक बिल, एक लेबल छापून बघा. आणि हे पावसाळ्यात करा हो! मे महिन्यात गाडी दारात उभी असताना प्रिंटर रुसला, तर पेट्या घरातच पिकतील. जमलं तर इन्स्टॉल करा, पण डेटाचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेतल्यावरच.