शेपटीखालचा काळा खडा

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेडे येथे दत्तजयंतीस एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासवे घोड्यांचा मोठा बाजार. घोडा घेणारा आधी दात पाहतो, मग अंगावरचे भोवरे, मग चाल. घोडा पांढरा असेल तर शेपटी उचलून पाहणेही तितकेच अगत्याचे होय.

पांढरे घोडे दोन जातींचे. नुकरा जन्मतःच पांढरा असून त्याची कातडी गुलाबी असते. दुसऱ्या जातीचे शिंगरू काळे, तांबडे किंवा कुमैत जन्मते. वर्षागणिक केस पांढरे होत जातात, कातडी मात्र काळीच राहते. मेलॅनोमा नामक अर्बुदाचा जाच मुख्यतः या दुसऱ्यांना. एका जनुकाचा लहानसा तुकडा दुणावलेला असतो. तोच केसांचा रंग घालवितो आणि तोच कातडीत काळ्या गाठी उठवितो, असे उप्सालाच्या संशोधकांनी २००८ साली दाखविले. १५ वर्षांवरील अशा घोड्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांच्या अंगी त्या आढळतात.

शेपटीखाली, गुदद्वाराभोवती, कानाखालच्या लाळग्रंथीत या गाठी वाढतात. दुखत नाहीत, घोडा चारा खातो, पळतो. वर्षानुवर्षे त्या निरुपद्रवीही राहतात. पण काही आत पसरतात. पाठीच्या कण्यात शिरल्या तर मागचे पाय लटपटतात. प्लीहेत वाढलेली गाठ फुटली तर रक्त पोटात साचते, बाहेर थेंबही दिसत नाही; हिरड्या पांढऱ्या पडतात, घाम सुटतो आणि धडधाकट दिसणारे जनावर एकाएकी कोसळते.

तथापि शर्यतीत कोसळलेल्या प्रत्येक घोड्यास कर्करोग होता असे मानणे चुकीचे. शर्यतीचे घोडे बहुधा तरुण असतात. विश्रांतीत मिनिटाला ३०-४० ठोके देणारे त्यांचे हृदय भरधाव दौडीत २०० च्या वर जाते. तेथे हृदयाची लय बिघडणे किंवा फुप्फुसांत रक्तस्राव होणे हीच कारणे अधिक संभवतात. कित्येकदा तर शवविच्छेदनानंतरही निश्चित कारण हाती लागत नाही. गाठीचा संशय घ्यावा तो वय झालेल्या पांढऱ्या घोड्याविषयी. आणि बाजारात वय चोरून सांगणारे काही थोडे नसतात!

हरभऱ्याएवढी गाठ पशुवैद्य सहज कापून काढतो. मुठीएवढी झाल्यावर, आणि तशा पाचसहा एकत्र जुळल्यावर, शस्त्र चालविण्यास जागाच उरत नाही.