नवा फळा आणि जुनी परीक्षा

बारावीचा निकाल लागला कीं, ज्या घरांत परीक्षा दिलेलें मूल आहे त्या घरांत एकच विषय चालतो : पुढें कोणतें महाविद्यालय ? आजोबा संस्थेचा लौकिक विचारतात, काका शुल्काचा हिशेब मांडतात, आईला जाण्यायेण्याची व वसतिगृहाची काळजी असते. अलीकडे या प्रश्नांत आणखी एकाची भर पडली आहे. महाविद्यालयाचें माहितीपत्रक उघडावें, तों पहिल्याच पानावर झळकणाऱ्या पडद्याचें चित्र आणि त्याखालीं ‘आमचे सर्व वर्ग स्मार्ट’ अशी ग्वाही ! या ग्वाहीचें मोल किती धरावें, हा प्रश्न आमच्या सोलापुरांतील अनेक कुटुंबांपुढें आहे. म्हणून त्याचा थोडा निवांतपणें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सोलापुरांत महाविद्यालयीन शिक्षणाचा ओनामा १९४० सालीं दयानंद महाविद्यालयानें झाला. १९५३ सालीं संगमेश्वर महाविद्यालय निघालें. १९८३ सालीं वालचंद तंत्रशिक्षण संस्था सुरू होऊन अभियांत्रिकीची सोय झाली. आणि १ ऑगस्ट २००४ रोजीं एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठीं स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झालें, ज्यास २०१९ सालापासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचें नांव आहे. या काळांतील बहुतेक पिढ्यांचें शिक्षण खडू, फळा व अध्यापकाचा आवाज यांवर झालें. आतां वर्गांत छताला प्रक्षेपक, भिंतीवर बोटानें लिहितां येणारा विजेचा फळा व मुलांच्या हातीं मोबाईल आला आहे. हा पालट पाहून कोणी हरखून जातात, कोणी नाकें मुरडतात. आमच्या मतें दोन्ही पक्ष घाई करतात.

शिक्षणाचीं साधनें नेहमींच बदलत आलीं आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल या गृहस्थानें मद्रासेस देशी शाळांतील मुलें वाळूवर बोटानें अक्षरें गिरवितांना पाहिलीं, आणि ती रीत त्यानें इंग्लंडांत नेली. म्हणजे आमची धूळपाटी हें एके काळीं विलायतेस नवें साधन होतें ! आपल्या देशांतहि पडद्यावरून उच्च शिक्षण देण्याचा प्रयोग आजकालचा नव्हे. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम दूरदर्शनवर दाखविला जाऊं लागला. हेतु उदात्त होता. परंतु तें शिक्षण एकमार्गी होतें. पडद्यास शंका विचारतां येत नसे, आणि समोरच्या मुलास समजलें कीं नाहीं, हें पडद्यास कळत नसे. ही उणीव ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम आहे.

यंत्राचें व कर्त्याचें नातें कसें असतें, हें समजण्यास सोलापूरकरांस दूर जावयास नको. आमच्या शहराची चादर जगप्रसिद्ध आहे. तिच्यावरील वेलबुट्टी ज्या जकार्डाच्या साह्यानें उठते, तें १८०४ च्या सुमारास फ्रान्स देशांत जोसेफ जकार यानें सिद्ध केलें. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ मागावर फिरते. जेथें भोंक आहे तेथें ताण्याचा दोरा उचलला जातो, जेथें नाहीं तेथें तो खालीं राहतो. ‘आहे’ व ‘नाहीं’ एवढ्या दोन शब्दांत सारी नक्षी सांगून होते ! हीच युक्ति घेऊन चार्ल्स बॅबेज यानें आपल्या गणनयंत्राची कल्पना रचली, आणि अमेरिकेंत १८९० च्या शिरगणतीचे आंकडे हर्मन हॉलरिथ यानें भोंकें पाडलेल्या पत्त्यांवरूनच मोजले. आजचा संगणकहि अंतर्यामीं याच ‘आहे-नाहीं’ वर चालतो. पण चादर घेणारा गिऱ्हाईक पुठ्ठ्यांचीं भोंकें कधीं मोजतो काय ? तो नक्षी पाहतो, पोत चांचपून पाहतो. आणि ती नक्षी पुठ्ठ्यानें नव्हे, तर चौकटीच्या कागदावर ती आधीं काढणाऱ्या कारागिरानें योजिलेली असते.

याच जिल्ह्यांत, माढें तालुक्यांतील परितेवाडी येथें, या गोष्टीचा उत्तम दाखला घडला आहे. रणजितसिंह डिसले हे अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम सोडून शिक्षक झाले व २००९ सालीं तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेंत रुजू झाले. इमारत मोडकळीस आलेली. एका अंगास गुरांचा गोठा, दुसऱ्या अंगास कोठार. श्री. डिसले यांनीं पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर संकेत छापून घेतले. हा काळ्यापांढऱ्या चौकटींचा ठसा १९९४ सालीं जपानांत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठीं निघालेला. त्याचा शाळेशीं कांहींएक संबंध नव्हता. मोबाईलनें तो टिपला कीं धड्याची कविता ऐकूं यावी, गोष्ट वा चित्रफीत पाहतां यावी, स्वाध्याय मिळावा, अशी व्यवस्था त्यांनीं केली. २०१७ सालीं महाराष्ट्र सरकारनें ही रीत राज्याच्या पाठ्यपुस्तकांस लावण्याचें ठरविलें, आणि पुढच्या वर्षीं राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनेंहि तिचा स्वीकार जाहीर केला. ३ डिसेंबर २०२० रोजीं त्यांस दहा लक्ष डॉलरांचें जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें, व त्यांतील अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली.

ही गोष्ट प्राथमिक शाळेची आहे, महाविद्यालयाची नाहीं, असें कोणी म्हणेल. खरें आहे. पण तिच्यांतील क्रम पहावा. आधीं मुलाची अडचण शिक्षकास दिसली, मग साधन आलें. पुष्कळ ठिकाणीं याच्या उलट घडतें : आधीं साधन येतें, भिंतीवर बसतें, त्याचें उद्घाटन होतें, आणि मग त्याचा उपयोग काय करावा याची चर्चा सुरू होते.

महाविद्यालयांतील मुलांच्या अडचणी थोड्या नाहींत. सोलापुरांतील एका वर्गांत मराठी, कानडी, तेलुगु व उर्दू अशा चार मातृभाषांचीं मुलें शेजारीं शेजारीं बसतात. मराठी माध्यमांतून आलेल्या हुशार मुलाचें पहिलें वर्ष विज्ञान समजण्यांत जात नाहीं. तें इंग्रजी समजण्यांत जातें. त्यास ध्वनिमुद्रित व्याख्यान पुन्हां पुन्हां थांबवून ऐकतां आलें, तर तें केवढें साह्य आहे ! मुंबईच्या आय. आय. टी.नें चालविलेल्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या उपक्रमांत संगणकाचे कित्येक धडे मराठींतहि ऐकावयास मिळतात. जुलै २०१७ मध्यें सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यवस्थेनें नामांकित प्राध्यापकांचे पाठ घरबसल्या घेतां येतात. बार्शीहून किंवा मंगळवेढ्याहून रोज एस. टी.नें येणाऱ्या, व शेवटच्या गाडीच्या वेळेपायीं ग्रंथालयांत बसूं न शकणाऱ्या मुलीस या गोष्टी वरदानासारख्या आहेत. साधनांची ही बाजू जो पाहत नाहीं, तो मुलांवर अन्याय करतो.

आतां दुसरी बाजू. फळ्यावर एखादें सूत्र सिद्ध होत असतां तें अध्यापकाच्या हाताच्या गतीनें वाढतें, आणि मुलाची बुद्धि व लेखणी त्याच्याबरोबर चालूं शकते. पडद्यावर तेंच सूत्र आयतें, अथपासून इतिपर्यंत एका क्षणांत उभें राहतें. मुलें मोबाईलनें त्याचें छायाचित्र घेतात व समजल्याच्या समाधानांत घरीं जातात. छायाचित्र मोबाईलांत राहतें, सूत्र डोक्यांत शिरत नाहीं. आमच्या घरांत पुतण्याची मुलगी विज्ञानशाखेंत शिकते. तिनें आम्हांस संगणकावरील ‘आभासी प्रयोगशाळा’ दाखविली. लंबक झुलत होता, घड्याळ चालत होतें, उत्तर अगदीं बिनचूक येत होतें. आम्हीं विचारलें, “आणि खऱ्या लंबकाचें उत्तर असेंच येतें काय ग ?” ती हंसून म्हणाली, “नाहीं आजोबा, तिथें दोरी किंचित् लांब होते, घड्याळ दाबायला उशीर होतो. दर वेळीं थोडें चुकतं. मग कां चुकलं तें लिहावं लागतं.” ‘कां चुकलें तें लिहिणें’ हेंच तर विज्ञान ! प्रयोगाची पूर्वतयारी म्हणून आभासी प्रयोगशाळा फार चांगली. पण तिच्या आधारें खऱ्या प्रयोगशाळेस कुलूप लागत असेल, तर तो सौदा तोट्याचा होय.

मार्च २०२० मध्यें करोनाच्या सांथीमुळें महाविद्यालयें बंद झालीं, तेव्हां तर सारा वर्गच पडद्यांत गेला. त्या दिवसांत या साधनांनीं शिक्षणाचा धागा तुटूं दिला नाहीं, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. परंतु एकत्र कुटुंबांत एक मोबाईल व शिकणारीं मुलें तीन, अशी स्थिति असतां तो कोणाच्या वांट्यास आला, हें ज्याचें त्यानें आठवावें. अनेक घरांत मुलाचा तास आधीं व मुलीचा मागून, असा क्रम लागला. यंत्र निःपक्षपाती असतें. घर तसें असतेंच असें नाहीं.

महाविद्यालयांचें मूल्यमापन करणारी ‘नॅक’ ही संस्था १९९४ पासून काम करते. २०१७ नंतरच्या तिच्या कोष्टकांत अशा साधनांनीं युक्त वर्गांचें शेंकडा प्रमाण विचारलें जाऊं लागलें. अध्यापनाविषयींचेहि रकाने त्यांत होते. पण खोल्या मोजणें सोपें, ज्ञान मोजणें कठीण. त्यामुळें जें मोजतां येतें तें आधीं विकत घेण्याकडे संस्थांची वृत्ति झाल्यास नवल नाहीं. दुसरीकडे महाराष्ट्रांतील महाविद्यालयांतून अनेक जागा रिकाम्या राहतात, व तेथें तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मोबदल्यावर, सुशिक्षित तरुण वर्षानुवर्षें शिकवितात. पुढच्या वर्षीं आपण येथें असूं कीं नाहीं हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यानें विजेच्या फळ्यासाठीं रात्री जागून नवे पाठ रचावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी ? फळ्यास हमी पांच वर्षांची, आणि अध्यापकास एका सत्राची, हें चित्र समाजास शोभणारें नाहीं.

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकांत दोन नाट्याचार्यांचा कलह आहे : श्रेष्ठ कोण, गणदास कीं हरदत्त ? तेथें परिव्राजिका असा निर्वाळा देते कीं, कोणाचें कौशल्य स्वतःपुरतें उत्तम असतें, कोणाची हातोटी तें दुसऱ्यास देण्यांत असते. दोन्ही ज्याच्या ठायीं तो शिक्षकांत अग्रेसर. आणि परीक्षा कशी व्हावी ? आचार्यांनीं नाचून दाखवावयाचें नाहीं, त्यांच्या शिष्यांनीं प्रयोग करून दाखवावयाचा ! शिकवणीची हीच कसोटी आजहि खरी आहे. फळा कसला आहे हें न विचारतां, त्यापुढें बसलेलें मूल आतां काय करूं शकतें, हें विचारावें.

म्हणून प्रवेशापूर्वीं महाविद्यालय पाहण्यास जाल, तेव्हां आमची एवढी विनंती आहे. दिवाणखान्यासारखा सजविलेला एकच वर्ग पाहून परतूं नका. प्रयोगशाळा आठवड्यांतून किती वेळ उघडी असते व एका उपकरणाभोंवतीं किती मुलें उभीं असतात, हें विचारा. तासाचें ध्वनिचित्रमुद्रण मुलांस मागाहून मिळतें काय, तें पहा. कायम नेमणुकीचे अध्यापक किती व तासिकेवरील किती, हें संकोच न धरतां विचारा. आणि दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीस बाजूस घेऊन, तिनें या वर्षीं स्वतःच्या हातानें काय केलें, तें ऐका. तिनें उत्साहानें सांगण्यास प्रारंभ केला, तर तेथें फळा काळा असो वा विजेचा, मुलाचें नांव घालण्यास हरकत नाहीं. ती गप्प राहिली, तर मात्र माहितीपत्रक कितीहि गुळगुळीत असो, आणखी एखादें महाविद्यालय पहावें.