अंगावर बसणारा सदरा

परळी तालुक्यातल्या सिरसाळ्याकडचा माझा एक विद्यार्थी. शिक्षकाच्या जागेसाठी मुलाखतीला निघाला, तेव्हा वाटेत मला भेटून गेला. अंगात चुलतभावाचा सदरा होता. भारी किमतीचा, चांगला चकाकणारा. पण खांद्याची शिवण तीन बोटे खाली, दंडावर उतरलेली. “सर, बरा दिसतो ना?” त्याने विचारले. मी “छान” म्हणालो. इथे माझे चुकलेच. परत आल्यावर तो सांगू लागला, “सर, सारा वेळ बाह्या मागे सारण्यातच गेला. दुसरा प्रश्न मला नीट ऐकूच आला नाही.”

आता तुम्ही म्हणाल, कपड्याचे एवढे काय घेऊन बसलात? तर वाचकहो, सदरा अंगावर नीट बसला की माणूस त्याला विसरतो आणि आपल्या कामाला लागतो. विसरता येईल असा सदरा निवडायचा कसा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

पहिली गोष्ट खांद्याची. सदऱ्याची लांबी कमी करता येते, बाही आखूड करता येते, बाजूची शिवण आत घेता येते. पण खांदा चुकला तर शिंपीदादाही हात टेकतात. कारण तो दुरुस्त करायचा म्हणजे कॉलर, बाह्या सगळेच उसवावे लागते. म्हणून दुकानात आधी खांदा पाहा. खांद्याचे हाड जिथे संपते, तिथेच शिवण आली पाहिजे.

पुष्कळांना वाटते की ढगळ कपड्यात हात मोकळा राहतो. आपल्या जुन्या पैरणीपुरते हे खरे आहे. तिचे कापड सरळ कापलेले असते आणि बगलेत चौकोनी कळी बसवलेली असते. हात वर केला की ती कळी उघडते, बाकीची पैरण जागच्या जागी राहते. शर्टाची घडण निराळी. त्याचा मुंढा गोल कापतात आणि कळी नसते. खांदा खाली उतरला की मुंढाही उतरतो, आणि फळ्यावर लिहायला हात उचलावा तर सगळा शर्ट वर ओढला जातो! म्हणजे ढगळ शर्टच हाताला अधिक अडवतो. पण लहानपणी आपल्या सगळ्यांना “वाढत्या अंगाचे” कपडे शिवलेले असतात ना. त्यामुळे अंगासरसा कपडा आखूडच वाटतो. अंग वाढायचे थांबले तरी ही सवय काही सुटत नाही.

बाकीची परीक्षा सोपी आहे. कॉलरचे बटण लावून आत दोन बोटे सहज गेली पाहिजेत. छातीच्या मापापेक्षा सदरा चार इंच सैल असावा. पोट आत ओढून, श्वास रोखून मात्र आरशासमोर उभे राहू नका! नेहमीसारखे उभे राहा, खाली बसा, दोन्ही हात पुढे करा. बटणांमध्ये फट पडली तर तो सदरा तुमचा नव्हे. तयार कपड्यावरच्या आकड्याचाही फार भरवसा धरू नये. एका कंपनीचा 40 दुसऱ्या कंपनीच्या 42 एवढा निघतो.

कापडाबद्दल थोडेसे. टेरिलीनचा शोध 1941 साली इंग्लंडात लागला. पुढे ह्या धाग्याच्या मिश्रणातून टेरिकॉट आले आणि इस्त्रीची कटकट कमी झाली, म्हणून ते घरोघर गेले. पण आपला उन्हाळा पारा चाळिशीपार नेणारा. 100 ग्रॅम कोरड्या सुती धाग्यात हवेतली सुमारे 8 ग्रॅम ओल मुरते. पॉलिएस्टरमध्ये अर्धा ग्रॅमही नाही. मग घाम जायचा कुठे? तो अंगावरच राहतो. ज्यांच्या शेतात कापूस पिकतो त्यांनीच पॉलिएस्टरमध्ये उकडून निघावे, हे मला मोठे चमत्कारिक वाटते.

सुती कापड आटते, ही तक्रार मात्र खरी आहे. त्याला उपाय असा: शिवायला टाकण्यापूर्वी ते रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे. 36 इंच पन्ह्याचे कापड पुऱ्या बाह्यांच्या सदऱ्याला सव्वादोन ते अडीच मीटर लागते. 58 इंच पन्हा असेल तर साधारण 1.6 मीटर पुरते. बाजूच्या शिवणीत इंचभर माया सोडायला शिंप्याला आवर्जून सांगावे. चाळिशीनंतर तिची किंमत कळते. मी अनुभवाने सांगतो.

रंगाचे फार अवघड नाही. कापसाचे पैसे हाती आले की लग्नसराईसाठी एखादा भडक, चमकदार सदरा घेण्याचा मोह होतो. तो दोनदा अंगावर चढतो आणि पेटीत जातो. त्याच पैशांत एक पांढरा आणि एक फिक्का निळा असे दोन साधे सदरे होतात. हे कोणत्याही विजारीवर चालतात. कचेरीत, लग्नात, मुलाखतीत कुठेही अडत नाही. तिसरा घ्यायचाच तर बारीक चौकड्यांचा, अर्ध्या बाह्यांचा घ्यावा. शेतावर जाऊन आले तरी तो लगेच मळका दिसत नाही.

माझ्या त्या विद्यार्थ्याने पुढच्या मुलाखतीआधी फिक्क्या निळ्या सुती कापडाचा सदरा मापाने शिवून घेतला. शिलाई देण्यापूर्वी त्याने शिंप्याच्या दुकानातच दोन्ही हात वर करून पाहिले. शिंपी हसला म्हणे. डावा मुंढा जरा काचत होता. शिंप्याने तो तिथेच उसवून नीट करून दिला.