कथेतला नियम, गेममधलं जग

विज्ञानकथेवरून व्हिडिओ गेमचं जग उभं राहतं, म्हणजे नेमकं काय होतं? कथेतली यानं आणि यंत्रमानव उचलले की झालं, असं अनेकांना वाटतं. पण ती सजावट झाली. कथेकडून घ्यायचा असतो तो तिचा नियम: त्या जगात काय केलं की काय होतं.

अर्कादी आणि बोरिस स्त्रुगात्स्की या रशियन भावांची ‘रोडसाइड पिकनिक’ ही कादंबरी 1972 साली आली. परग्रहवासी येऊन गेलेल्या जागेला तिच्यात ‘झोन’ म्हणतात. तिथले सापळे डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून आत शिरणारे लोक पुढे धातूचे नट फेकतात. नट भलतीकडे ओढला गेला की तिथे पाऊल टाकायचं नाही. कीवच्या जीएससी गेम वर्ल्डने 2007 साली ‘स्टॉकर’ हा गेम काढला, तेव्हा खेळणाऱ्याच्या हाती कधीच न संपणारे बोल्ट दिले. वाचकाची धास्ती खेळणाऱ्याच्या हातात उतरली. जागा निवडली अणुभट्टीच्या स्फोटानंतर ओस पडलेल्या चेर्नोबिलची, आणि तिथे स्वतः जाऊन फोटो काढले.

म्हणजे आधी नियम, मग हाताला काम, मग खरी जागा.

हाच क्रम मराठीत लावून पाहू. जयंत नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत मोबियसच्या पट्टीच्या (एक पीळ देऊन टोकं जोडलेल्या पट्टीच्या) कल्पनेतून माणसाची डावी-उजवी बाजू आरशातल्यासारखी उलटते. हा झाला नियम. आता काम. सजीवांमधली प्रथिनं ‘डावखुऱ्या’ अमिनो आम्लांची बनतात. उलटलेल्या शरीराला ती पचणार नाहीत. ताटात भात-आमटी आहे, पण अंगी लागत नाही. जगायचं तर अन्नही त्याच वाटेने उलटवून आणावं लागेल. खेळ इथे सुरू होतो.

आणि जागा? बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातलं नंदगड घ्या. भातशेती, जवळच घाटाचं रान, कन्नड आणि मराठी पाट्या. उलटलेल्या माणसाला दोन्ही लिप्या उलट दिसतील. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला 1831 साली याच गावाजवळ फाशी दिली गेली. त्याच्या स्मारकाकडे जाणारी, तोंडपाठ असलेली वाट उजवीकडे वळायची, ती आता डावीकडे वळेल. गावातलाच मुलगा गावात चुकेल, आणि आठवणीवर विसंबायचं की डोळ्यांवर, हे त्याला दर वळणावर ठरवावं लागेल.

गेम करू पाहणाऱ्या मुलांनी कोडिंग शिकावंच. पण नारळीकर, लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके यांच्या कथाही वाचाव्यात आणि प्रत्येक कथेखाली एक ओळ लिहावी: या जगाचा नियम काय? ती ओळ सापडली नाही, तर चित्रं कितीही देखणी असोत, जग उभं राहत नाही.