टपालाने एम. ए. होते, डॉक्टरेट नव्हे!

‘घरबसल्या थिऑलॉजीत डॉक्टरेट, अवघ्या आठ महिन्यांत!’ रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या आमच्या शेजारच्या वहिनींनी एका दुपारी हे माहितीपत्रक माझ्यापुढे ठेवलं, तेव्हा भिशीचे पंधरा हजार रुपये त्या भरूनही बसल्या होत्या.

वहिनींचं वय बावन्न. संस्कृत घेऊन बी. ए. झालेल्या. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे गाव सोडून शिकायला जाणं अशक्य. ज्ञानेश्वरी रोजच्या वाचनातली. भक्तीबद्दल आपले संत जे सांगतात, तेच सूफी आणि ख्रिस्ती संत सांगतात का, हा प्रश्न त्यांना कित्येक वर्षं सतावतो आहे. “नावामागे ‘डॉक्टर’ लागावं म्हणून नव्हे हो, कुणीतरी नीट शिकवावं, एवढंच वाटतं,” त्या म्हणाल्या.

पण त्या पत्रकात शिकवणारं कुणीच नव्हतं. बी. ए.नंतर थेट डॉक्टरेट. ना मार्गदर्शक, ना तोंडी परीक्षा!

नियम काय सांगतो?

आपल्या देशात पीएच. डी. टपालाने किंवा ऑनलाइन करता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांत हे स्पष्ट आहे. परदेशी विद्यापीठांच्या नावाने खासगी कंपन्या विकतात त्या ऑनलाइन पीएच. डी.ला मान्यता नाही, असा इशाराही आयोगाने त्याच वर्षी दिला.

मग घर सांभाळणाऱ्या बाईने काय करावं? त्याच नियमांनी अर्धवेळ पीएच. डी.ची वाट खुली ठेवली आहे. नोकरी असेल तर कार्यालयाचं ना-हरकत पत्र लागतं. प्रवेशासाठी साधारणपणे 55 टक्के गुणांची एम. ए. हवी. सुरुवातीचा अभ्यासक्रम आणि शेवटी तोंडी परीक्षा कुणालाच चुकत नाही. किमान तीन वर्षं लागतात. स्त्रियांना मुदतवाढ धरून दहा वर्षांपर्यंत सवलत आहे.

एम. ए. मात्र मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठातून घरी राहून करता येते आणि ती नेहमीच्या पदवीइतकीच ग्राह्य असते. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात तत्त्वज्ञानाची एम. ए. आहे, आणि त्याचं प्रादेशिक केंद्र रायपुरातच आहे. पुढच्या टप्प्यासाठी इथलंच पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ आहे. 1964 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात धर्मांचा तुलनात्मक अभ्यास, दर्शन आणि योग यांचा विभाग आहे. अर्ज करण्याआधी आपल्या विषयाचा मार्गदर्शक आहे का आणि त्याच्याकडे जागा रिकामी आहे का, हे समक्ष जाऊन विचारावं.

ख्रिस्ती धर्मविद्येचा रस्ता वेगळा. बंगालमधलं सेरामपूर कॉलेज 1818 चं. डेन्मार्कच्या राजाने 1827 साली त्याला पदव्या देण्याचा अधिकार दिला. तिथल्या पद्धतीत बी. डी., मग एम. टीएच. आणि त्यानंतरच डॉक्टरेट. पायऱ्या तिथेही गाळता येत नाहीत.

समोर माणूस हवा

धर्माच्या अभ्यासात एवढा आग्रह कशाला, असं वाटेल. आमच्याच भागातली गोष्ट पाहा. 1893 साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एक मिशनरी भेटला. बोलणं रंगलं आणि उतरताना त्याने टिळकांच्या हाती बायबल ठेवलं. दोन वर्षांनी, 1895 साली, टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा निर्णय कुणाला पटो वा न पटो, पुस्तकाआधी तिथे समोर बसून बोलणारा माणूस होता. आपल्या श्रद्धेला प्रश्न विचारणारं कुणी नसेल, तर अभ्यास म्हणजे नुसतं पाठांतर होऊन बसतं.

आणि सवड? महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी वकिली करता करता धर्मशास्त्राच्या इतिहासाचं काम हाती घेतलं. पहिला खंड 1930 साली निघाला आणि शेवटचा 1962 साली. आठ महिन्यांचा हिशेब त्यांनी केला असता तर?

वहिनींचे पंधरा हजार परत आले नाहीत. पण गेल्या जुलैत त्यांनी एम. ए.ला नाव घातलं. सासूबाईंची दुपारची झोप दीड तासाची. तेवढा वेळ वहिनींचा. परवा विचारलं, “डॉक्टर कधी होणार?”

“साठीपर्यंत होईन,” त्या हसून म्हणाल्या, “आणि नाही झाले, तरी शिकणं तर सुरू झालं!”