रिकव्हरी-केंद्रित मानसिक आरोग्यसेवा

रिकव्हरी-केंद्रित मानसिक आरोग्यसेवा म्हणजे आजाराच्या लक्षणांबरोबरच व्यक्तीचे काम, निवारा, नातेसंबंध आणि निर्णयस्वातंत्र्य यांचाही विचार करणारी सेवा होय. येथे 'रिकव्हरी' हा शब्द आयुष्य पुन्हा सावरणे या अर्थाने वापरला जातो. पारंपरिक मानसोपचारात निदान, औषधोपचार आणि लक्षणांचे नियंत्रण यांना प्राधान्य असते. रिकव्हरी-केंद्रित सेवा औषधे नाकारत नाही. मात्र लक्षणे ओसरणे हा उपचाराचा शेवट मानत नाही.

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा (पुणे), नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. आजार आटोक्यात येऊनही कुटुंबाने न स्वीकारल्यास रुग्णाचा मुक्काम रुग्णालयातच लांबू शकतो. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार केवळ या कारणासाठी कोणालाही तेथे ठेवता येत नाही. समाजात राहता यावे यासाठी शासनाने हाफवे होमसारख्या सोयी पुरवाव्यात, अशीही तरतूद या कायद्यात आहे. महाराष्ट्रात बऱ्या झालेल्या व्यक्तींना भिक्षेकरीगृहांसारख्या संस्थांत हलवले जात असल्याचे निदर्शनास आल्यावर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये ही पद्धत तत्काळ बंद करण्याचे निर्देश दिले.